डच वसाहतकाराचं आयुष्य जुन्या कागदांतून कसं उभं करायचं

पहिली सूचना: पवनचक्की, लाकडी बूट आणि ट्यूलिप बाजूला ठेवा. न्यू ॲमस्टरडॅमच्या, म्हणजे आजच्या न्यूयॉर्कच्या, किल्ल्याशेजारी पवनचक्की होती हे खरं, पण तिच्यापासून सुरुवात केली की माणूस सापडत नाही, कॅलेंडरावरचं चित्र तेवढं सापडतं.

मी न्यू जर्सीतल्या एका सार्वजनिक वाचनालयात स्थानिक इतिहासाच्या टेबलाशी बसते. आपली मराठी माणसं तिथे तीन कारणांनी येतात. मुलाला शाळेत ‘वसाहतीतला एक दिवस’ लिहायला सांगितलेलं असतं आणि ते उद्याच द्यायचं असतं. मंडळाच्या एकांकिकेत कुणाला तरी हडसन नदीकाठची डच आजी हवी असते. नाहीतर जावयाचं आडनाव ‘व्हान’ने सुरू होत असतं आणि विहीणबाई म्हणालेल्या असतात, आमचं घराणं साडेतीनशे वर्षांचं. तिघांनाही मी एकच रीत सांगते. तीच इथे लिहून काढते.

माणूस एकच धरा, आणि मोठा नको

पीटर स्टायव्हेसंट घेऊ नका. लाकडी पायाचा हा डायरेक्टर जनरल, म्हणजे वसाहतीचा प्रमुख, सगळ्यांना माहीत असतो, पण त्याच्यावरून त्याच्या शेजारणीने सकाळी चुलीवर काय चढवलं ते कळत नाही. किलियान व्हान रेन्सेलार तर मुळीच नको. आजच्या ऑल्बनीभोवती एवढी थोरली जहागीर, पण हा जवाहिऱ्या ॲमस्टरडॅम सोडून इकडे फिरकलाच नाही. असं माणूस निवडा ज्याच्याबद्दल निदान तीन कागद आहेत, तेही तीन वेगळ्या लोकांनी तीन वेगळ्या कामांसाठी केलेले. कागद कंटाळवाणे असले तर उत्तम. रंजक कागदात लिहिणाऱ्याने मीठमसाला घातलेला असतो.

मी नेहमी कातालिना त्रिकोचं उदाहरण घेते. १६२४ साली, म्हणजे अगदी पहिल्या जहाजांबरोबर, ती नवरा योरिस रापाल्ये याच्यासह आली. दोघांनाही लिहिता येत नव्हतं. अकरा मुलं झाली. थोरली सारा १६२५ च्या जूनमध्ये जन्मली. न्यू नेदरलँडमधली, म्हणजे या डच वसाहतीतली, पहिली ख्रिस्ती मुलगी म्हणून तिची ओळख आहे.

आणि ही कातालिना डच नव्हती. ती वालून, म्हणजे दक्षिणेकडच्या फ्रेंच बोलणाऱ्या प्रोटेस्टंट निर्वासितांपैकी. नवरा व्हालेन्सिएनचा. साराने पहिलं लग्न केलं ते हान्स हान्सनशी, आणि तो नॉर्वेतल्या बर्गनचा. ‘डच’ वसाहतीत असं सर्रास होतं. एकांकिकेत सगळ्यांच्या तोंडी एकच बोली घालण्याआधी याचा विचार करा.

शेवटाकडून मागे या

बहुतेक जण जन्मापासून सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात, कारण सतराव्या शतकातल्या गरिबाचा जन्म कुठल्याच वहीत धड सापडत नाही. म्हातारपणापासून निघा. म्हाताऱ्या माणसाला लोक प्रश्न विचारतात, आणि विचारणारा लिहून ठेवतो.

१६८० मध्ये यास्पर डांकार्ट्स नावाचा प्रवासी कातालिनाला भेटला. तो लाबादिस्ट या कडक धार्मिक पंथाचा. पंथासाठी जमीन बघत हिंडत होता. त्याच्या रोजनिशीत ती ७४ वर्षांची वालून बाई आहे. मुलं, नातवंडं, पतवंडं मिळून १४५, लवकरच १५० होतील, असं त्याने लिहिलं आहे. ती ऐहिक वृत्तीची आहे, सगळा जीव या गोतावळ्यात गुंतलाय, असा शेराही मारला आहे. असा शेरा आला की तो मारणाऱ्याचा पंथ आधी बघायचा. त्याच्या नजरेत नातवंडांत रमणारी प्रत्येक बाई ऐहिकच ठरणार. पण त्याच ओघात तो आणखी एक गोष्ट सांगून जातो, तिथे थांबा: ती इतरांपासून जराशी लांब, एकटी राहते, आपली छोटी बाग आणि लागणारं सामान राखून आहे, आपलं आपण भागवते. ही माहिती द्यायला तो बसला नव्हता, म्हणून ती जास्त भरवशाची.

दुसरा कागद १७ ऑक्टोबर १६८८ चा. एक इंग्रज न्यायाधीश लाँग आयलंडवर तिच्या घरी जाऊन तिची साक्ष घेतो. पहिली वस्ती कुठे कुठे झाली ते त्याला नोंदवून हवं होतं. ती सांगते: वय सुमारे ८३, ‘युनिटी’ जहाजाने आले (डच नाव ‘एन्द्राख्त’), आमच्यातली दोन कुटुंबं आणि सहा पुरुष हार्टफर्डच्या नदीवर पाठवले, दोन कुटुंबं आणि आठ पुरुष डेलावेअरला, आठ पुरुष मॅनहॅटनवर ठेवले, बाकीचे ऑल्बनीला गेले. तिथे मी तीन वर्षं राहिले आणि तेवढा काळ इंडियन लोक (म्हणजे अमेरिकेतले मूळ रहिवासी) कोकरांसारखे शांत होते.

तिसरा कागद ॲमस्टरडॅमचा, जानेवारी १६२४ चा. लग्नाची नोंद. नवरा मुलगा १९ वर्षांचा, बोरात नावाचं कापड विणणारा. मुलगी १८ वर्षांची, आईबाप नाहीत, सोबत बहीण उभी आहे. त्यानंतर काही दिवसांतच दोघं जहाजावर चढली.

आता तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवा. १६२४ मध्ये १८, १६८० मध्ये ७४, १६८८ मध्ये ८३. वजाबाकी केली की तिन्ही आकडे १६०५-०६ वर येतात. साठ-पासष्ट वर्षांच्या अंतराने, निरक्षर बाईच्या बाबतीत, एवढा मेळ म्हणजे वय खरं धरायला हरकत नाही. जन्मगाव मात्र इंग्रज कारकुनाने ‘पॅरिस’ लिहिलं. अभ्यासकांच्या मते ते प्रिश, एनो प्रांतातलं एक खेडं. कारकुनाच्या कानाला ओळखीचं वाटलं ते त्याने लिहिलं. जावयाच्या घराण्यात कुणी ‘पॅरिसची’ निघाली तर लगेच फ्रेंच अत्तराच्या गोष्टी करू नका.

कोकरांची गोष्टही पडताळा. १६२६ मध्ये ऑल्बनीच्या जागी असलेल्या फोर्ट ऑरेंजचा प्रमुख डॅनियल व्हान क्रीकेनबेक हा वरिष्ठांचा आदेश मोडून माहिकान लोकांच्या बाजूने मोहॉकांशी (दोन्ही तिथल्या मूळच्या जमाती) लढायला गेला आणि तीन शिपायांसह मारला गेला. त्यानंतर तिथली कुटुंबं मॅनहॅटनला हलवली, त्यात कातालिनाचंही होतं. म्हणजे तिचं ऑल्बनी सुटलं ते याच प्रकारामुळे, आणि साक्षीत त्याचं नावही नाही. मला यात खोटेपणा दिसत नाही. चूक किल्ल्याच्या प्रमुखाची होती. दारात कातडी घेऊन येणाऱ्या लोकांबद्दल तिची आठवण चांगलीच होती, आणि न्यायाधीशाने विचारलं तेवढं तिने सांगितलं. गोष्ट लिहिताना मात्र दोन्ही लिहा.

तारखा आणि नावं: इथेच घोटाळे होतात

डच लोक नवं, म्हणजे आज आपण वापरतो ते कॅलेंडर वापरत. इंग्रज १७५२ पर्यंत जुन्यावर अडून बसले होते. सतराव्या शतकात दोघांत दहा दिवसांचा फरक. १६६४ मध्ये स्टायव्हेसंटने शहर इंग्रजांच्या ताब्यात दिलं, ती तारीख डच कागदात ८ सप्टेंबर आहे आणि इंग्रजी कागदात २९ ऑगस्ट. दिवस एकच. शिवाय इंग्रजांचं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. कातालिनाने साक्षीत १६२३ साली आले असं सांगितलं आणि लग्नाची नोंद मात्र जानेवारी १६२४ ची, याचा उलगडा त्यात असू शकतो: इंग्रजी हिशेबाने तो जानेवारी १६२३ मध्येच मोडतो. पासष्ट वर्षांनंतर आठवणीत एका सालाचा फरक पडणंही अगदी साहजिक आहे. कागद १६६४ च्या आधीचा की नंतरचा हे पाहिल्याशिवाय तारीख उतरवून घेऊ नका.

नावांच्या बाबतीत आपण मराठी माणसं या अमेरिकनांपेक्षा हुशार. ‘व्हान’ म्हणजे आपला ‘कर’: गावावरून. आणि बहुतेकांना तेही नसे, फक्त बापाचं नाव. यानचा मुलगा यान्स, क्लासचा मुलगा क्लासेन. बायका लग्नानंतर नाव बदलत नसत. कातालिना मरेपर्यंत त्रिको राहिली. साराने १६५६ मध्ये कुरणाच्या तुकड्यासाठी अर्ज केला तेव्हा ती विधवा होती, सात मुलांची आई होती, आणि अर्जात तिचं नाव आहे सारा योरिस, न्यू नेदरलँडमधली प्रथम जन्मलेली ख्रिस्ती कन्या. तिथे रापाल्ये हे आडनाव नाही. कायमची आडनावं पुढे इंग्रज अंमलात रुळली. म्हणून आडनावाने शोधत बसू नका. बापाचं नाव, गाव आणि नवरा किंवा बायको, या तिघांवरून शोधा, आणि स्पेलिंगवर विश्वास ठेवू नका. याच योरिसचं नाव लग्नाच्या नोंदीत ‘रापोर्बी’ आहे.

न्यू ॲमस्टरडॅमच्या डच चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी १६३९ पासूनच्या मिळतात. त्यात बाळ आणि आईबाप यांच्यापेक्षा मला साक्षीदारांचा रकाना जास्त कामाचा वाटतो. साक्षीला कोण उभं राहिलं ते पाहत गेलात की कोण कुणाचा साडू, कोण कुणाची नणंद, कुणाशी बोलणं बंद झालं, सगळं हळूहळू उघडं पडतं.

कंपन्या दोन होत्या

हे मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण मी वेंगुर्ल्याची. आमच्याकडची डच वखार, आता पडीक असली तरी, लहानपणापासून पाहिलेली. त्यामुळे आपल्याकडचे लोक हमखास विचारतात, तीच कंपनी का? नाही. वेंगुर्ल्याची वखार ईस्ट इंडिया कंपनीची. १६०९ मध्ये हेन्री हडसन या नदीत शिरला तोही तिच्याच नोकरीत, आशियाची वाट शोधायला. पण वसाहत वसवली ती १६२१ साली निघालेल्या वेस्ट इंडिया कंपनीने. कारभार वेगळा, नोकर वेगळे, दप्तरही वेगळं. जावयाच्या पूर्वजाला ईस्ट इंडियाच्या यादीत शोधून दिवस घालवू नका. बाकी वेंगुर्ल्यात वखार सुरू झाली १६३७ मध्ये, आणि त्याच साली योरिसने लाँग आयलंडवर, आज जिथे ब्रुकलिन नेव्ही यार्ड आहे त्या खाडीकाठी, जमीन घेतली. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. माझा आपला त्या सालावर उगाच जीव आहे.

जमिनीचा कागद वाचताना: माप ‘मॉर्गन’मध्ये असतं, एक मॉर्गन साधारण दोन एकर. योरिसची जमीन सुमारे १६७ मॉर्गन, म्हणजे ३३५ एकर. विकणारे लेनापी, म्हणजे तिथले मूळचे लोक होते, आणि जमीन कायमची विकली म्हणजे आपण तिथे पुन्हा पाऊल टाकायचं नाही हा अर्थ त्यांच्या मनात होता असं समजू नका. आणि खरेदी झाली म्हणजे कुटुंब लगेच तिथे राहायला गेलं असंही धरू नका. यांचं मॅनहॅटनवर पर्ल स्ट्रीटला घर होतं आणि ते तिथे बरीच वर्षं राहिले.

घर, चूल, पैसा

पहिल्या वर्षांचं घर रंगवताना विटांचं, पायऱ्यापायऱ्यांच्या कौलारू माथ्याचं काढू नका. ते नंतरचं. १६२६ च्या मॅनहॅटनबद्दल नोंद आहे की कंपनीची कचेरी दगडी, वर बोरूचं छप्पर, आणि बाकी घरं झाडाच्या सालीची. वसाहतीचा सचिव कोर्नेलिस व्हान टीनहोव्हन याने १६५० मध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी कृतीच लिहून ठेवली आहे: जमिनीत तळघरासारखा चौकोनी खड्डा खणा, सहा-सात फूट खोल, लांबीरुंदी हवी तेवढी. आत चारी बाजूंनी लाकूड लावा, लाकडावर साल बसवा म्हणजे माती ढासळणार नाही. खाली फळ्या टाका, वर वासे घालून छप्पर उचला, त्यावर साल किंवा हिरवळीची ढेकळं. अशा घरात बायकामुलांसह दोन, तीन, चार वर्षं कोरडं आणि उबदार राहता येतं. चांगली घरं आधी बांधायची नाहीत, हेही तो सांगतो. पहिली वर्षं शेताला द्यायची. मुलाच्या प्रकल्पात बुटाच्या खोक्याचं घर करायचं असेल तर हेच करा. खोक्याच्या झाकणावर माती आणि गवत, बस्स. ट्यूलिपपेक्षा बाईंना जास्त आवडेल.

पुढच्या काळातलं पक्कं घर प्रत्यक्ष बघायचं तर ब्रुकलिनमध्ये वायकॉफ हाउस आहे; ते ज्याचं होतं तो पीटर क्लासेन १६३७ मध्ये करारावरचा शेतगडी म्हणून आला होता. ब्रुकलिन म्युझियममध्ये शेंक कुटुंबाचं १६७०च्या दशकातलं घर आत उभं केलं आहे. तिथे भिंतीत बसवलेला पेटीसारखा पलंग आणि बाजूच्या भिंती नसलेली चूल नीट पाहून घ्या. अशा चुलीभोवती तिन्ही बाजूंनी बसता येतं, आणि धूर वर कसा जात असेल हा प्रश्न पडतोच.

खाण्यात मक्याच्या पिठाची पेज, तिला ‘सपान’ म्हणत, दुधाबरोबर. ती लेनापी लोकांकडून उचललेली. पाव, लोणी, चीज, बिअर जुन्या देशाचे; शिंपले फुकट. ऋतूचा हिशेब हवा तर ५ नोव्हेंबर १६२६ चं पीटर स्खाखेन या डच अधिकाऱ्याचं पत्र बघा. मॅनहॅटन ६० गिल्डरला घेतल्याची बातमी म्हणून ते प्रसिद्ध आहे, आणि सगळे त्या एका ओळीवर तुटून पडतात. तुम्ही पुढे वाचा: धान्य मेच्या मध्याला पेरलं, ऑगस्टच्या मध्याला कापलं. जहाजात बीव्हरची ७२४६ कातडी. आणि वर एक छोटं वाक्य, की बायकांना तिथे मुलंही झाली आहेत. नावं नाहीत, पण तोवर सारा सव्वा वर्षाची झाली होती. मोठ्या पत्रात आपलं माणूस असं बिननावाचं सापडतं.

पैशाचं थोडक्यात: हिशेब गिल्डर आणि स्टायव्हरमध्ये, वीस स्टायव्हरचा एक गिल्डर, पण हातात नाणं क्वचित. देणं भागायचं ते बीव्हरच्या कातड्याने नाहीतर सेवांटने, म्हणजे शंखशिंपल्यांच्या मण्यांनी. काळा मणी पांढऱ्याच्या दुप्पट मोलाचा. १६५० मध्ये एका स्टायव्हरला सहा पांढरे मणी ठरले, पुढे आठ. म्हणून कागदात ‘शंभर गिल्डर’ दिसले तर ते सेवांटचे की बीव्हरचे, हे विचारा. माणूस श्रीमंत की कफल्लक ते त्यावर ठरतं.

कोर्टातल्या गजाली

सगळ्यात रसाळ ऐवज इथे आहे. शेजाऱ्यांची भांडणं, उधारी, शिवीगाळ, दुसऱ्याच्या बागेत घुसलेली डुकरं. १६३८ ची एक साक्ष मला फार आवडते. पाद्री बोगार्डसची बायको आनेके यान्स रस्त्याने जाताना पाय दाखवत गेली अशी कुजबुज झाली. साक्षीदार सांगतात, ती लोहाराच्या दुकानावरून जात होती, तिने कमरेवर हात ठेवला आणि परकर जरासा वर उचलला, कारण रस्त्यात चिखल होता आणि तो मळू नये म्हणून. बघा किती मिळालं: लोहाराचं दुकान वाटेवर होतं, रस्ता फरसबंद नव्हता, परकर चिखलाला टेकेल इतका लांब, आणि पाद्र्याच्या बायकोकडे सगळ्या गावाचं लक्ष. इतिहासाच्या पुस्तकातली दहा पानं खर्चूनही एवढं चित्र मिळत नाही. बायका कोर्टात स्वतः उभ्या राहतात, व्यापार करतात, नवऱ्याबरोबर सामाईक मृत्युपत्र करतात, हेही दिसेल. डच कायद्याने तशी मुभा होती. इंग्रजांच्या काळात ती आक्रसत गेली.

याच दप्तरात २५ फेब्रुवारी १६४४ चा ठराव आहे. तो गाळून कुणाचंही डच आयुष्य पुरं होत नाही. कंपनीच्या अकरा गुलाम पुरुषांना, त्यांच्या बायकांसह, मोकळं केलं. अट अशी की दरवर्षी तीस शेपेल (धान्याचं डच माप) धान्य आणि एक पोसलेलं डुक्कर द्यायचं. आणि त्यांची मुलं, झालेली आणि होणारी, कंपनीचीच गुलाम राहतील. या माणसांनी तोवर अठरा-एकोणीस वर्षं राबून काढली होती. म्हणजे साधारण कातालिना मॅनहॅटनवर आली त्याच सुमाराला ती आली. त्या सालीच्या घरांशेजारी राबणारे हात यांचेही होते. एकांकिकेत पात्रं वाढतील म्हणून कुरकुर करू नका, वाढू द्या. त्याच्या बरोबर एक वर्ष आधी, २५ फेब्रुवारी १६४३ च्या रात्री, डायरेक्टर कीफ्टच्या हुकमाने पाव्होनियात आश्रयाला आलेल्या लेनापींची कत्तल झाली. पाव्होनिया म्हणजे आजची जर्सी सिटी, जिथे आपली बरीच मंडळी राहतात. योरिस १६४१ मध्ये कीफ्टला सल्ला द्यायला रहिवाशांनी निवडलेल्या बाराजणांपैकी एक होता, आणि त्या बाराजणांचा सल्ला युद्धाची घाई नको असाच होता.

विचारायचं कसं

ही दप्तरं ऑल्बनीला न्यूयॉर्क राज्याच्या ग्रंथालयाकडे आणि अभिलेखागारात आहेत. २९ मार्च १९११ ला तिथे भीषण आग लागली. डच खंड खालच्या फळ्यांवर होते म्हणून वाचले, कडा तेवढ्या करपल्या. वरचे इंग्रजी खंड जळले. सुमारे १२,००० पानांचं नव्याने भाषांतर १९७४ पासून चाललं आहे आणि बरंचसं इंटरनेटवर फुकट वाचता येतं. जुनी भाषांतरंही सापडतील, पण एकोणिसाव्या शतकातलं भाषांतर दिसलं तर नवं आहे का ते आधी पाहा. फरक पुष्कळ असतो.

वाचनालयाला लिहिताना ‘आमच्या जावयाच्या घराण्याची सगळी माहिती पाठवा’ असं लिहू नका. आमच्याकडे आठवड्याला अशी पत्रं येतात आणि ती ढिगाच्या तळाशी जातात. नावाची सुचतील तेवढी स्पेलिंगं, दहा-वीस वर्षांचा टप्पा, गाव, आणि नेमका एकच प्रश्न: जमिनीचा कागद आहे का, किंवा अमुक मुलाच्या बाप्तिस्म्याला साक्षीदार कोण. याला उत्तर येतं. मग दुसरा प्रश्न पाठवा.